आसूड वळणारे हात

(मंदिर जीर्णोद्धार सोहळ्यानिमित्त झालेले व्याख्यान)



देवळाला नवा चिरा बसतो, नवा कळस चढतो, तेव्हा जीर्णोद्धार झाला असे आपण म्हणतो. जुने देऊळ ज्या हातांनी इतकी वर्षे सांभाळले त्या हातांचे स्मरण, हाही जीर्णोद्धाराचाच एक भाग होय. गवंडी, सुतार, पाथरवट यांची नावे निदान दोन-तीन पिढ्या तरी लोकांच्या तोंडी राहतात. घंटेचा दोर कोणी वळला, हे मात्र कोणी विचारीत नाही. आजचा विषय त्या दोर वळणाऱ्याचा आहे. त्याच्या हातची सर्वांत देखणी आणि सर्वांत अवघड वस्तू म्हणजे आसूड.

मराठी भाषेत आसुडाला मोठे स्थान आहे. कोणी खरमरीत टीका केली की त्याने 'कोरडे ओढले' असे म्हणतात. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ साली शेतकऱ्याची दैना मांडणारा ग्रंथ लिहून पुरा केला, त्याला नावच दिले 'शेतकऱ्याचा असूड'. आसूड ओढणाऱ्याचे नाव होते. तो वळणाऱ्याचे नाव कोठे लिहून ठेवलेले नाही.

घाटावरच्या बलुतेदारीत दोरकाम मातंग समाजाकडे असे. मोटेचा नाडा, सोंदूर, बैलाचा कासरा, दावे, म्होरकी, घरातले शिंके आणि आसूड, हे सारे त्यांच्या हातचे. मोबदला सुगीच्या वेळी धान्याच्या रूपाने मिळे. आपल्या किनारपट्टीवर नारळाची सोडणे खाडीच्या पाण्यात कित्येक महिने कुजवून काथ्या काढीत आणि त्याचा सुंभ वळीत. 'सुंभ जळला तरी पीळ जळत नाही' ही म्हण आपण भांडणात वापरतो, पण ती मुळात दोर वळणाऱ्याच्या कसबाला दिलेली पावती आहे.

हा पीळ कसा बसतो ते पाहण्यासारखे आहे. अंबाडीच्या काड्या पाण्यात कुजत घालायच्या, साल सोलून धुवायची, वाळवायची आणि विंचरून वाख मोकळा करायचा. त्या वाखाला मांडीवर किंवा चातीवर एका दिशेने पीळ देऊन पेड तयार करायचे. मग तीन पेड एकत्र घेऊन उलट दिशेने वळायचे. प्रत्येक पेड आपला पीळ सोडू पाहतो आणि त्याच ओढीने शेजारच्या पेडाला घट्ट धरतो. गाठ नाही, डिंक नाही. परस्परांच्या विरोधातूनच दोर टिकतो. गावकी चालविणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे!

साधा दोर सुरुवातीपासून शेवटापर्यंत सारखा जाड लागतो. आसुडाचे तसे नाही. मुठीजवळ तो भरदार हवा आणि टोकाकडे निमुळता होत जायला हवा. म्हणून वळणारा हळूहळू पेडातला वाख कमी करीत जातो. कोठे एकदम कमी केला तर आसूड तेथे मोडतो. कोठे अधिक राहिला तर त्याला आवाज येत नाही. त्याच्याजवळ मोजपट्टी नसते. बोटाच्या चिमटीला जे कळते तेच त्याचे माप.

या कसबाची खरी थोरवी शास्त्रज्ञांनी फार उशिरा दाखवून दिली. आसुडाचा कडाड् आवाज दोर कोठे आपटल्याने होतो, असा समज होता. १९५८ साली अमेरिकेतील संशोधकांनी अतिजलद छायाचित्रे घेऊन दाखविले की फटकाऱ्याच्या वेळी आसुडाच्या टोकाचा वेग आवाजाच्या वेगाहून अधिक होतो. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर. मुठीतून निघालेली लाट निमुळत्या दोरातून पुढे जाते, तसे तिला हलवावे लागणारे वजन घटत जाते आणि वेग वाढत जातो. ध्वनीहून वेगवान विमान जाताना जो स्फोट ऐकू येतो, त्याचाच हा लहान अवतार! विमानाच्या कित्येक शतके आधी, शाळेचा उंबरठाही पाहू न दिलेल्या माणसाने अंबाडीच्या वाखातून ही करामत साधली होती.

मरीआईच्या पोतराजाचा आसूड घाटावर अनेकांनी पाहिला असेल. कमरेला रंगीबेरंगी खणांचे घागऱ्यासारखे वस्त्र, पायांत घुंगरू, सोबत ढोलकी आणि डोईवर देवीचा देव्हारा घेतलेली बाई. त्याचा आसूड कडाडला की आळी गोळा होई. त्या फटकाऱ्याने त्याच्या स्वतःच्या अंगावर वळही उठत. ही प्रथा माणसाला दारोदार हिंडवते, म्हणून सुधारकांनी तिच्याविरुद्ध आवाज उठविला. कित्येक कुटुंबांनी जटा उतरवून मुलांना शाळेत घातले. ते योग्यच झाले. प्रथा जावी, पण कसबाने तिच्याबरोबर का जावे?

कसबाला दुसरे, आनंदाचे घरही आहे. देशावर पोळ्याच्या आणि बेंदराच्या आधी आठवडे बाजारात गोंडे, घुंगुरमाळा, झुली यांच्या शेजारी सजविलेले चाबूक मांडलेले दिसतात. मुठीला रंगीत सुताचे वेटोळे, गोफ विणलेली वादी, टोकाला गोंडा. हा चाबूक मारण्यासाठी कोणी घेत नाही. सजलेल्या बैलापुढे तो मिरवायचा असतो. आपल्याकडे दिवाळीच्या पाडव्याला गोठ्यातली गुरे सजवितात, तोच हा भाव.

चाबकाचे मारण्याचे काम आता कायद्यानेही उणे केले आहे. बैलगाडा शर्यती २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बंद झाल्या होत्या. डिसेंबर २०२१ मध्ये त्यांना सशर्त परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा उचलून धरला. शर्यतीत चाबूक किंवा काठी बैलाला लावायची नाही, असा नियमच आहे. मुक्या जनावराचा दुवा मिळाला, हे चांगलेच.

मात्र चिखलात आता पॉवर टिलर फिरतो, विहिरीवर मोटेऐवजी पंप आहे आणि दुकानात नायलॉनचा दोर वजनावर मिळतो. परदेशातही असेच घडले. अमेरिकेत वेस्टफील्ड नावाचे गाव 'चाबकांचे शहर' म्हणून ओळखले जाई. घोडागाड्या गेल्या आणि तेथील कारखाने एकामागून एक बंद पडले. परंतु कारखान्याला निदान पाटी होती, हिशेबाच्या वह्या होत्या. आपल्या कारागिराची वही म्हणजे त्याची बोटे. ती थकली की सारी विद्या संपते.

आता एक कटू गोष्ट देवाच्या दारातच बोलली पाहिजे. ज्याने वळलेल्या दोराने मोट चालली, बैल आवरले, त्याला पिढ्यान् पिढ्या देवळाच्या पायरीखाली उभे केले गेले. त्याच्या हातचा दोर चालला, त्याची सावली चालली नाही. याच रत्नागिरीत १९३१ साली दानशूर भागोजीशेठ कीर यांनी सावरकरांच्या प्रेरणेने पतितपावन मंदिर बांधले आणि ते सर्व जातींच्या हिंदूंना खुले केले. पुढे १९५० साली अमलात आलेल्या राज्यघटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. दार उघडले. नाव लिहायचे मात्र राहून गेले आहे.

देणगीदारांची नावे संगमरवरावर कोरली जातील, आणि ती कोरली जावीत; घामाच्या पैशाने त्यांनी देवाचे घर उभे केले आहे. त्याच भिंतीवर एक ओळ राबणाऱ्या हातांसाठीही असावी. घंटेला नायलॉनची दोरी न बांधता एखाद्या जाणत्या कारागिराकडून, त्याला योग्य दाम देऊन, हाताने वळलेला दोर घ्यावा. येत्या पाडव्याला शाळेच्या मुलांना त्याच्यापुढे बसवून तीन पेड वळायला शिकवावे. दहातल्या एका मुलाच्या चिमटीत तो पीळ उतरला तरी पुष्कळ झाले.

यापुढे घंटा वाजवताना प्रत्येकाचा हात आधी दोराला लागेल. तो दोर कोणी वळला, हे पोरांनी विचारावे आणि थोरांना उत्तर देता यावे, एवढेच ग्रामदेवतेच्या चरणी मागणे आहे.