धरणावर बोट टाकायची का?

आज एका प्रश्नावर बोलायचं आहे. गेल्या काही महिन्यांत तीन-चार ग्रामसंघांच्या बैठकीत तो आमच्या कानावर आला. प्रश्न असा : हिवाळ्यात आपल्या धरणावर इतकी पाखरं उतरतात, वाशीमचे, अकोल्याचे लोक कॅमेरे घेऊन ती पाहायला येतात, तर आपल्या गटाने कर्ज काढून एक बोट घ्यावी आणि त्यांना पाण्यातून फिरवून आणावं का? एका गटाने तर अर्जही लिहून ठेवला आहे. तो अजून बँकेत गेलेला नाही, म्हणून आजच बोललेलं बरं.

पहिली गोष्ट, ही कल्पना वेडगळ मुळीच नाही. असे धंदे जगभर चालतात. आफ्रिकेत रवांडा नावाचा छोटा देश आहे. तिथल्या अकागेरा राष्ट्रीय उद्यानात इहेमा नावाचं मोठं तळं आहे. पाहुण्यांना बोटीतून नेऊन तिथे पाणघोडे, मगरी आणि पाणपक्षी दाखवतात. पाणघोडे दिवसभर पाण्यात कळपाने पडून राहतात आणि रात्री चरायला काठावर येतात. चिडले तर बोट उलथवतात, म्हणून बोट त्यांच्यापासून लांबूनच फिरते. तिथली एक गोष्ट आम्हाला फार आवडली. त्या देशाचं सरकार राष्ट्रीय उद्यानांच्या पर्यटनातून येणाऱ्या पैशातला १० टक्के वाटा भोवतालच्या गावांसाठी बाजूला काढतं. आधी तो ५ टक्के होता, २०१७ साली वाढवला.

इतकं लांब जायचं नसेल तर आपल्याच राज्यात पाहा. पुणे जिल्ह्यात इंदापूर तालुक्यात भिगवण आणि कुंभारगाव आहे. उजनी धरणात भीमाकाठची गावं बुडाली. पळसदेवचं जुनं देऊळ पाणी उतरलं की अजून वर दिसतं. त्या पाण्यावर मासेमारी करणारी घरं आता हिवाळ्यात पाहुण्यांना बोटीतून रोहित पक्षी दाखवतात. काही घरांत राहायची सोय आहे, आणि मासे-भाकरीचं जेवण तर पाहुणे मागून घेतात. सिंधुदुर्गात वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत तर स्वामिनी नावाचा महिला बचत गटच आहे. २०१७ पासून या बाया स्वतः वल्ही मारून पाहुण्यांना कांदळवनात फिरवतात आणि झाडं, पक्षी दाखवतात. यूएनडीपी आणि वन विभागाचा कांदळवन कक्ष यांची मदत त्यांना मिळाली.

आता या तिन्ही ठिकाणी पाहुणा पैसे कशाचे देतो? नुसत्या बोटीचे नाही. बोट पाळण्यासारखी असते, एकदा बसलं की हौस फिटते. पैसे मिळतात ते दाखवणाऱ्याच्या नजरेचे. कुठे, कोण, कधी बसलेलं असतं आणि त्याच्या किती जवळ जायचं, हे ज्याला कळतं त्याच्याकडे पाहुणा पुन्हा येतो. मासेमार घरांना हे आधीपासून ठाऊक असतं, कारण त्यांचा जन्म पाण्यावर गेलेला आहे. आपला जन्म वावरात गेला. म्हणजे आपल्याला हे शिकावं लागेल, आणि ते शिकायला बोट लागत नाही.

आम्ही काही जणी मागचा हिवाळाभर आठवड्यातून एकदा सकाळी गावाजवळच्या धरणावर बसलो. एका शिक्षकांची दुर्बीण मागून घेतली होती. पहिल्या दिवशी आम्हाला सगळी बदकंच दिसली. हळूहळू नावं कळत गेली. चोच काळी, टोकाला पिवळी आणि मुळाशी लाल ठिपका, ते हळदी-कुंकू बदक. हे नाव ज्याने कोणी ठेवलं त्याच्या घरात नक्की सुगरण बाई असणार! सगळं अंग काळं आणि कपाळावर पांढरा टिळा, तो वारकरी. भगव्या रंगाची जोडी दिसली तर ते चक्रवाक. पांढऱ्या डोक्यावर दोन काळ्या पट्ट्या असलेला मोठा हंसासारखा पक्षी म्हणजे पट्टकादंब. तो तिबेट, मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येतो आणि आपल्या हरभऱ्याच्या, गव्हाच्या कोवळ्या पाल्यावर चरतो. त्यावरून काठच्या शेतकऱ्याचा त्याच्यावर राग असतो, तोही समजून घ्यायला हवा.

काठावर बसून आणखी एक कळलं. चरणारं पाखरू एकदम थांबून मान वर करतं, तेव्हा समजायचं, आपण नको इतके जवळ आलो. तिथेच थांबलं तर ते पुन्हा चरायला लागतं. आणखी दोन पावलं टाकली तर एक उडतं आणि त्याच्यामागे सगळा थवा. लांबून आलेल्या पाखराला परतीच्या वाटेसाठी अंगावर चरबी चढवायची असते. दिवसातून चार वेळा उडवलं तर खाल्लेलं सगळं उडण्यातच जातं. आणि रोज उडवलं तर ते पाणीच सोडून देतं. मग आपली बोट काय दाखवणार? पाहुणा म्हणतो, "ताई, जरा उडवा ना, फोटो छान येतो." त्याला नाही म्हणता आलं पाहिजे, तेही जास्तीचे शंभर रुपये हातात असताना. बोट थेट थव्यावर न नेता तिरपी, हळू न्यायची, इंजिन लांबच बंद करून वल्ह्यावर यायचं, गाणी लावायची नाहीत.

आता पाण्याच्या भीतीबद्दल. सप्टेंबर २०२१ मध्ये आपल्या अमरावती जिल्ह्यात वरूड तालुक्यात झुंजला वर्धा नदीत नाव उलटून नात्यातले ११ जण बुडाले. २१ मे २०२४ ला उजनीच्याच पाण्यावर करमाळ्यातल्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडे जाणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली, त्यात ६ जण गेले. उजनी म्हणजे ज्या पाण्यावर रोज बोटी चालतात तेच. त्यामुळे आमचं मत स्पष्ट आहे. प्रत्येकाच्या अंगावर लाईफ जॅकेट हवं, ते सीटखाली ठेवून चालणार नाही. माणसं बोटीला झेपतील तेवढीच घ्यायची, "एक पोरगं मांडीवर घेते" हे ऐकायचं नाही. वारा उठला तर पैसे परत देऊन काठावरच राहायचं. आणि बोटीवर असणाऱ्या दोघींना पोहता आलंच पाहिजे. आपल्यातल्या कितीजणींना येतं, आपापसात हात वर करून पाहा.

पाणी कोणाचं, हा प्रश्न अर्ज लिहिताना कोणी विचारलाच नव्हता. धरण पाटबंधारे खात्याचं असतं. त्यातली मासेमारी बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थेला ठेक्याने दिलेली असते. भोई घरांची जाळी त्या पाण्यात लावलेली असतात. त्यांना न विचारता आपली बोट त्यांच्या जाळ्यावरून गेली तर भांडण नक्की, आणि चूक आपली. उलट त्यांना बरोबर घेतलं तर डोंगा चालवणारा हातही मिळतो आणि पाणी ओळखणारी नजरही. आमच्या मते बोट त्यांचीच असावी. ज्या धरणाचं पाणी शहर पितं, जसं वाशीमचं एकबुर्जी, तिथे तेल गळणारं इंजिन नकोच. आणि जागा अभयारण्यात येत असेल तर वन विभागाच्या परवानगीशिवाय पाऊल टाकायचं नाही. काटेपूर्णा अभयारण्य अकोला आणि वाशीम दोन्ही जिल्ह्यांत पसरलेलं आहे, तिकडच्या गटांनी हे आधी पाहावं.

राहिला हिशोब. समजा, नोव्हेंबर ते फेब्रुवारी १६ आठवडे, पाहुणे शनिवार-रविवारीच येणार, म्हणजे ३२ दिवस. सकाळी दोन फेऱ्या, फेरीला ५ जण, माणशी १०० रुपये. दिवसाचे १,००० आणि हंगामाचे ३२,०००. पण दर फेरी भरलेली कुठे असते? अर्ध्या भरल्या तर १६,०००. त्यातून डोंगेवाल्याची मजुरी, जॅकेटं, डागडुजी आणि कर्जाचा हप्ता. दहा जणींत वाटण्यासारखं काय उरेल ते तुम्हीच सांगा. शिवाय हेच चार महिने आपले वावरातले. कापूस वेचणी, तुरीची सोंगणी, मग हरभरा. शनिवारची रोजी बुडवून बोटीवर कोण बसणार?

तेच दहा पाहुणे सकाळी सात वाजता आपल्या काठावर उतरले आणि त्यांना चहा, मग ज्वारीची भाकरी, पिठलं, ठेचा असं जेवण १५० रुपयांत दिलं, तर दिवसाचे १,५०० होतात. निम्मं सामानात गेलं तरी ७५० उरतात, बुडायची भीती नाही आणि कर्जाचा हप्ताही नाही. काठावरून पाखरं दाखवणाऱ्या बाईचे वेगळे पैसे घ्या, लाजू नका. ती शिकली आहे, तिची मजुरी आहे. भिगवणकडेही जेवणाचा भाग लहान नाही, हे लक्षात घ्या.

म्हणून आमचं म्हणणं आहे की अर्ज फाडू नका, पण यंदाचा हिवाळा तो पेटीत ठेवा. यंदा काठावर दोन हंगामी जागा ठरवा, एका जागेला झाडाचा आडोसा हवा. दुर्बीण गटाच्या पैशातून एकच घ्या. दोन मुलींना नावं शिकवा, दहावी-बारावीच्या पोरी भराभर शिकतात. मच्छीमार संस्थेच्या अध्यक्षांना एकदा बैठकीला बोलवा, चहा पाजा. पुढच्या वर्षी पाहुणे स्वतःहून बोट मागू लागले तर त्यांच्याच डोंग्यावर, त्यांच्याशी लेखी करार करून सुरू करता येईल.

आणि एक वही ठेवा. पहिलं बदक कोणत्या तारखेला उतरलं, शेवटचं कधी गेलं, कोणत्या आठवड्यात किती होती, पाणी कुठपर्यंत होतं. जानेवारीत आशियाभर पाणपक्ष्यांची गणना होते, त्या दिवसांत तुमच्या धरणावरही मोजा. त्या वहीतली पानं आमच्याकडे पाठवा, फेब्रुवारीच्या एका कार्यक्रमात आम्ही ती वाचून दाखवू, गावाच्या नावासकट.