परतीचं तिकीट
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला 'संगणक आणि उद्याचं जग' असा विषय दिला होता. बावीस-तेवीस वर्षं कॉम्प्युटरपुढंच बसलेय, त्यामुळं अर्धा तास सहज बोलले असते. पण गेल्या दोन वर्षांत आपल्या ग्रुपमधल्या पाच-सहा जणांनी मला वेगळ्याच कामासाठी फोन केलेत. आधी इकडचं तिकडचं बोलायचं, मग आवाज बारीक करून विचारायचं, "तुझ्या आण्णांना तू पुण्यात कुठं ठेवलं होतंस गं?" आपली पंचेचाळिशी आली म्हणजे आईवडिलांची सत्तरी-पंच्याहत्तरी झाली. म्हणून संयोजकांना विनंती करून विषय बदलून घेतला.

आण्णांना तुमच्यातले बरेच जण ओळखता. अंबाजोगाई डेपोचे कंडक्टर. शाळा सुटायला उशीर झाला तर खेड्यावरच्या पोरांसाठी गाडी दोन मिनिटं थांबवणारे. चाळीस वर्षं गालात तंबाखूची गोळी. २०२१ मध्ये गालाच्या आतली जखम कॅन्सरची निघाली. ऑपरेशन झालं, लाईट दिले, किमो झाली. २०२२ च्या उन्हाळ्यात तो उलटून आला आणि गालाला बाहेरून भोक पडलं.

इथं माझी पहिली चूक. पुण्याच्या एका मोठ्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, आणखी एक किमो देऊन बघू. मी विचारलं नाही की ह्यानं काय होणार आहे, किती दिवस वाढणार आहेत आणि ते कसे जाणार आहेत. 'काहीतरी करतोय' ह्याचंच समाधान. मग एका एजन्सीकडून 'घरपोच पॅलिएटिव्ह केअर' घेतली. दिवसाला दोन हजार रुपये. एक मावशी आल्या, बिचाऱ्या मायाळू होत्या, पण डॉक्टर नाही, नर्स नाही, दुखण्यावर पॅरासिटामॉल. पॅलिएटिव्ह हा शब्द फक्त पावतीवर होता. त्यात आमचा महिना गेला. आण्णा रात्ररात्र बसून काढायचे, आडवं होता यायचं नाही.

मी इंजिनिअर, म्हणून एक्सेल शीट केली. अकरा कॉलम. अंतर, खाटा, खर्च, गुगलवरचे तारे. मी रंगसुद्धा भरले होते! पुढं जे कामाला आलं, त्यातलं एकही त्या अकरांत नव्हतं.

हॉस्पिस म्हणजे काय, हे मला तोवर नीट माहीत नव्हतं. आपल्याकडं 'मरायला नेऊन ठेवायची जागा' असाच समज आहे. आमच्या चुलत्यांनी तर 'बापाला आश्रमात टाकलं' असं गावभर सांगितलं. ही कल्पना रुजवली लंडनच्या सिसिली सॉण्डर्स यांनी. आधी नर्स, मग समाजसेविका, मग डॉक्टर झालेली बाई. १९६७ मध्ये त्यांनी सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस उघडलं. भारतातलं पहिलं १९८६ चं, मुंबईत वांद्र्याचं शांती अवेदना सदन. केरळात १९९३ मध्ये कालिकतला सुरू झालेलं काम पुढं घराघरात गेलं. पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र १९९७ पासून आहे. तिथं पैसे घेत नाहीत आणि पेशंटजवळ घरचं माणूस राहतं. फुकट म्हटल्यावर माझ्याच मनात आलं होतं की कसलं असेल कोण जाणे.

निघायच्या आदल्या रात्री आण्णांनी विचारलं, "कुठं न्यायलीस मला?" मी म्हटलं, दुखणं थांबवायला. ते म्हणाले, "तिकीट जाऊन-येऊन आहे का नुसतं जायचं?" मला उत्तर देता आलं नाही. सकाळी केंद्रात पोचल्यावर मी डॉक्टरांना पहिला प्रश्न तोच विचारला. शीटमध्ये नसलेला. त्या म्हणाल्या, दुखणं आटोक्यात आलं की बरेच जण घरी जातात, तुम्हाला घरी सांभाळायचं कसं ते आम्ही शिकवू.

दुसरी चूक. मी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, आण्णांना कॅन्सर आहे हे माहीत नाही, सांगू नका. त्यांनी वाद घातला नाही. आण्णांजवळ बसून एवढंच विचारलं, "काका, तुम्हाला आजाराबद्दल काय माहीत आहे?" आण्णांची जीभ जड झाली होती, तरी म्हणाले, "पस्तीस वर्षं गाडीच्या पाट्या वाचल्या. दवाखान्याची पाटी वाचता येत नाही का मला?" वर्षभर मी, आई आणि भाऊ एकमेकांत कुजबुजत होतो आणि ते ऐकत पडून होते. त्या संध्याकाळी त्यांनी भावाकडून डायरी मागवली. एलआयसी, पतसंस्था, कोणाचे देणे, सगळं लिहून तयार होतं.

सोळा दिवस राहिलो. जखमेच्या वासामुळं घरात कोणी जवळ बसेना, ही आण्णांची सगळ्यात मोठी लाज होती. नर्सनं जखम धुवून मेट्रोनिडाझोलच्या गोळ्यांची पूड त्यावर भुरभुरली. चार रुपयांची वस्तू! तीन-चार दिवसांत वास बराच उतरला. माझी मुलगी त्यांच्या खाटेवर बसून गृहपाठ करू लागली. मोठ्या दवाखान्यात हे कोणी सांगितलं नव्हतं, आणि मीही 'वास येतो' हे लाजेनं कधी बोलले नव्हते.

आणि मॉर्फिन. दर चार तासांनी गोळी, दुखो न दुखो. झोपताना दुप्पट, म्हणजे मध्यरात्री उठवायला नको. नाकातल्या नळीतून, कुटून पाण्यात. सोबत पोट साफ व्हायचं औषध रोज, नाहीतर दुसरंच दुखणं सुरू. मॉर्फिन म्हणजे शेवट, असं मी समजत होते. आण्णा तिसऱ्या दिवशी आडवे झोपले आणि उठल्यावर पेपर मागितला.

मग अंबाजोगाईला आणलं. इथं जे घडलं ते नीट ऐका, कारण त्यात दोष आमचाच आहे. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यामुळं मॉर्फिन ठेवणं इतकं किचकट झालं की बहुतेक दवाखान्यांनी ते ठेवणंच सोडलं. २०१४ मध्ये कायदा सुधारला, परवान्यांची भानगड कमी झाली, पण गोळी मिळते ती मान्यता घेतलेल्या संस्थेतच, कोपऱ्यावरच्या मेडिकलवर नाही. आम्हाला चौदा दिवसांच्या गोळ्या दिल्या होत्या. संपायच्या चार दिवस आधी निघा, असं बजावलं होतं. भाऊ तेराव्या दिवशी निघाला. परतीची गाडी वाटेत बंद पडली. चौदाव्या रात्री डबी रिकामी.

त्या रात्रीचं मी फार सांगत नाही. आईनं कानात बोटं घातली होती, एवढंच. रात्री दोनला मी आपल्याच वर्गातल्या एका डॉक्टरला फोन केला. तो इथंच बसलाय, नाव घेतलेलं त्याला आवडणार नाही. तो आला, इंजेक्शन दिलं आणि पहाटे भाऊ पोचेपर्यंत खुर्ची टाकून बसून राहिला.

म्हणून तुमच्यापैकी कोणावर ही वेळ आली तर जागा बघताना खाटा आणि फरशी बघू नका. रात्री दोन वाजता फोन कोण उचलणार, ते विचारा. घरी नेल्यावर पुढच्या गोळ्या कुठून येणार, आणि पेशंटला न आणता, फाइल दाखवून नातेवाइकाला मिळतील का, हेही विचारा. पुण्यालाच जावं लागेल असंही नाही. केंद्र सरकारचा ह्यासाठी २०१२ पासून राष्ट्रीय कार्यक्रम आहे. बीडच्या सिव्हिलमध्ये जाऊन विचारा, आपल्या इथल्या मेडिकल कॉलेजात विचारा. विचारणारे वाढले तर सोय वाढेल, निदान गोळ्यांची तरी. आणि लवकर विचारा. आम्ही पाच महिने आधी गेलो असतो तर चाललं असतं. किमो चालू असतानाही दुखण्यावर हे उपचार घेता येतात, हे मला फार उशिरा कळलं. त्या पाच महिन्यांचं मला अजून वाईट वाटतं. भाऊ म्हणतो विसर. त्याला जमलं असेल.

जेवणाचंही एक सांगते. शेवटच्या आठवड्यात आई नळीतून जास्तीचं दूध घालायला बघायची, आण्णांना ते उलटून यायचं. केंद्रातल्या नर्सबाईंनी फोनवर तिला समजावलं की जाणाऱ्या माणसाची भूकच जाते, तुम्ही त्यांना उपाशी मारत नाही. ओल्या कापसानं ओठ पुसत राहा. मग आई तेच करत बसली. तिला हाताला काम मिळालं.

घरी आल्यापासून आण्णा एकेचाळीस दिवस होते. भाऊ दोनदा पुण्याला जाऊन आला, दुसऱ्यांदा पाच दिवस आधी. गेले ते पहाटे, पहिल्या गाडीच्या वेळेला, स्वतःच्या खोलीत.

माझ्याकडं एक वही आहे. त्यात गोळ्यांच्या वेळा, जखम धुवायची पद्धत, कोणाला काय विचारायचं, सगळं आईच्या अक्षरात आहे. दहा झेरॉक्स आणल्यात. जेवणाच्या वेळी मी मागच्या कडुनिंबाखाली बसते. ज्याला हवी त्यानं घेऊन जा, सगळ्यांसमोर मागायची गरज नाही.