होऱ्याची सख्खी बहीण

आज आम्ही तुम्हाला आयर्लंडला नेतोय, एका शब्दाचं बोट धरून.

तिथल्या आयरिश भाषेत वेळेला एक शब्द आहे, 'ऊअर'. मूळचा तो त्यांचा नाही. ग्रीकांचा 'होरा' लॅटिनमध्ये गेला आणि ख्रिस्ती मठांबरोबर आयर्लंडात पोचला. मठांत ठरलेल्या वेळांना प्रार्थना व्हायच्या ना! होरा ऐकून कान टवकारले असतील. आपल्या पंचांगातला होरा तोच. तोही ग्रीकांकडूनच संस्कृत ज्योतिषात आला. म्हणजे या दोघी सख्ख्या बहिणी, एक पश्चिमेला दिलेली, एक पूर्वेला.

सासरी ऊअरचं रूप पार बदललं. ती तिथे स्त्रीलिंगी. अर्थ दोन, तास आणि खेप. मोजताना तर गंमतच. तीन ते सहापर्यंत तिला पुढे 'ह' चिकटतो: 'त्री हूअरे', तीन वेळा. सात ते दहाला 'न' चिकटतो: 'शख्त नूअरे', सात वेळा. नेमका तासच सांगायचा तर 'घंटेची ऊअर' म्हणतात. हिंदीतही तासाला घंटाच की! तिचं अनेकवचन 'ऊअरन्ता' म्हणजे कधीकधी. आणि 'ती वेळ' हे दोन शब्द दाबून झालेला 'नूअर' म्हणजे 'जेव्हा'. आता जेव्हा-तेव्हाशिवाय कुणाला गोष्ट सांगता येते? पाहुणी म्हणून आलेली थेट चुलीपर्यंत पोचली.

आपली 'वेळ' तरी कुठे साधी आहे? 'वेळ गेला' म्हणतो आणि 'वेळ आली'ही म्हणतो. शाळेत न गेलेली आजीसुद्धा यात चुकत नाही.

आयर्लंडात १८४५ पासून बटाट्याचं पीक कुजलं, मोठा दुष्काळ पडला. मेले, परदेशी गेले त्यांत आयरिश बोलणारे गरीब फार होते. मागे राहिलेले आईबाप मुलांशी इंग्रजी बोलू लागले, पोटासाठी. त्यांना नावं ठेवणं आम्हाला पटत नाही. पण १९७० साली कोनमारा भागातल्या तरुणांनी परवान्याची वाट न बघता आयरिशमधून रेडिओ लावला. १९७२ मध्ये सरकारला आयरिश रेडिओ काढावा लागला, तो आजही चालू आहे.

आपल्या गटांतल्या कितीजणी म्हणतात, "ताई, आमचं बोलणं गावंढळ, माइकवर कसं शोभेल?" तर या शनिवारी तसंच बोलायला या. झुंजूमुंजू, कडूसं, दिवेलागण, वेळेचे असे तुमच्याकडचे शब्द हवेत. सासूबाईंनाही आणा, त्यांच्याकडे जास्त निघतील.