वाटाड्या घ्यावा, की आपलं आपण फिरावं?

सोमाटण्याहून कार्ला आणि लोहगड तसे हाकेच्या अंतरावर.
पण वाटाड्या घ्यावा, की आपलं आपण फिरावं?

आधी परतीची वेळ बघा.
मग ठरवा.

कार्ल्याला जाणकार सोबत असावा, असं माझं मत.
तिथल्या लेण्यांतलं चैत्यगृह भारतातल्या कोरीव चैत्यगृहांत सर्वांत मोठं.
छताच्या लाकडी कमानी मूळच्या, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या.
खांबांवर दात्यांची नावं आहेत, ब्राह्मी लिपीत.
त्यांत यवन, म्हणजे ग्रीकही आहेत!
सांगणारा नसेल, तर हे सगळं नजरेतून निसटतं.
लेण्यांशेजारच्या एकवीरा आईच्या दर्शनाची रांग मात्र कोणताही वाटाड्या लहान करत नाही.

लोहगडाचं वेगळं.
मळवलीला उतरा.
आपल्या दमानं चढा.
विंचूकाटा माचीवर हवं तेवढं थांबा.
फक्त, दुपारी लोकल विरळ असतात.
म्हणून पुन्हा सांगतो, आधी परतीची वेळ.

हल्ली आपल्याकडचे आजी-आजोबा भूमध्य समुद्रात क्रूझलाही जातात.
तिथं हा हिशेब फार कडक.
रोमसाठी जहाज चिवितावेक्क्या बंदरात थांबतं.
तिथून रोमला रेल्वेनं तासभर तरी धरा.
जहाजाच्या सहलीची बस उशिरा आली, तर जहाज सहसा थांबतं.
स्वतः गेलेल्यांसाठी थांबेलच, असं नाही.
म्हणून रोमला जहाजाची सहल बरी.

बार्सिलोनात बंदर शहराला लागूनच.
तिथं खुशाल पायी भटका, पैसेही वाचतील.
मात्र परतायची वेळ जहाजावरूनच लिहून घ्या,
आणि बंदराच्या एजंटचा फोन नंबरही.