नळी अजून लागते का, हे रोज विचारा



आपल्या कोल्हापुरात सीपीआर या सरकारी रुग्णालयात गडहिंग्लज-शाहूवाडीपासून कोकण आणि सीमाभागापर्यंतचे पेशंट येतात. पेशंट अत्यवस्थ असला, की औषधांसाठी मानेतल्या मोठ्या शिरेत एक नळी आणि लघवीसाठी दुसरी नळी घालावी लागते. या नळ्या जीव वाचवतात. पण त्यांच्याच आधारानं जंतूही शरीरात शिरतात. ते नळीला चिकटतात, स्वतःभोवती बुळबुळीत थर तयार करतात आणि मग अँटिबायोटिकलाही दाद देत नाहीत.

म्हणून नळीलाच औषधाचा लेप देण्याची युक्ती निघाली. अमेरिकेत ह्यूस्टनच्या डॉक्टरांनी शिरेतल्या नळीला आतून-बाहेरून दोन अँटिबायोटिक्सचा लेप दिला. त्यातलं एक, रिफाम्पिसिन, टीबीच्या उपचारात आपल्याकडे नेहमी वापरलं जातं. १९९९मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत फक्त बाहेरून जंतुनाशक लावलेल्या नळ्यांमुळे शेकडा ३.४ वेळा रक्तात जंतुसंसर्ग झाला. या नव्या नळ्यांमुळे केवळ ०.३ वेळा.

लघवीच्या नळीला मात्र लेपाचा असा गुण आला नाही. ब्रिटनमध्ये सात हजारांवर पेशंटवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१२मध्ये आले. चांदीच्या लेपाचा उपयोग झाला नाही. अँटिबायोटिकच्या लेपाचा थोडाच झाला आणि पेशंटला त्रास अधिक झाला.

याउलट अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या आयसीयूंनी पाच साधे नियम पाळले: हात धुणे, नळी घालताना गाऊन-मास्कसह पूर्ण निर्जंतुक तयारी, क्लोरहेक्सिडीननं त्वचा स्वच्छ करणे, शक्यतो जांघेतली शीर टाळणे आणि गरज संपताच नळी काढणे. यात लेप नव्हता. तरीही शिरेतल्या नळीमुळे होणारा रक्तातला संसर्ग दोन तृतीयांशांनी घटला.

नातेवाइकांनीही लक्ष ठेवावं. एक्स-रेला नेताना लघवीची पिशवी अनेकदा पेशंटच्या पोटावर ठेवली जाते. त्यामुळे पिशवीतली लघवी उलटी मूत्राशयात जाऊ शकते. पिशवी कायम कमरेच्या खाली लटकती हवी, पण जमिनीला टेकता कामा नये. नळीला हात लावण्याआधी आणि नंतर हात धुवा. नळी स्वतः ओढू नका, जोड उघडू नका.

लेप असलेली नळी कोणाला द्यायची, हे डॉक्टर ठरवतील. तुम्ही मात्र राउंडच्या वेळी रोज, न संकोचता विचारा, ‘डॉक्टर, ही नळी आज काढता येईल का?’