व्हॅनच्या मागच्या ॲक्सलमधील गिअर ऑइलची गळती

पालघर, बोईसर आणि तारापूर परिसरात दिसणाऱ्या ओम्नी, ईको यांसारख्या व्हॅनमध्ये इंजिनाची शक्ती प्रोपेलर शाफ्ट या फिरत्या दांड्यामार्फत मागच्या चाकांना मिळते; त्यामुळे हा शाफ्ट जेथे डिफरन्शियलला, म्हणजे दोन्ही चाकांना बळ वाटून देणाऱ्या दंतचक्रांच्या पेटीला, जोडलेला असतो, तेथील रबरी ऑइल सील झिजल्यास गिअर ऑइल गळू लागते. मात्र सील बदलण्यापूर्वी ब्रीदर, म्हणजे पेटीतील तापलेली हवा बाहेर सोडणारी वाट, पावसाळी चिखलाने बुजलेली नाही ना, हे पाहावे, कारण ती बंद असल्यास आतला दाब नव्या सीलमधूनही ऑइल बाहेर ढकलतो. सीलच्या कडेने शाफ्टवर चर पडला असल्यास तो भागही बदलावा लागतो. शेवटी गाडी सपाट जागी उभी करून उत्पादकाने ठरवून दिलेलेच ऑइल फिलर छिद्राच्या खालच्या कडेपर्यंत भरावे.