कोपरा निम्मा, शेत मात्र निम्मे नव्हे
(शिक्षक व ग्रामस्थांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



भूमितीचे नाव निघाले की फळा, कंपासपेटी आणि परीक्षेचा धसका एवढ्याच गोष्टी बहुतेकांना आठवतात. वास्तविक या शब्दातच भूमी आहे आणि तिचे मोजमापही आहे. म्हणून त्रिकोणाच्या कोनदुभाजकाचा जो विषय आज मांडावयाचा आहे, त्याचा आरंभ फळ्यावर न करता बांधावर करणे सोयीचे ठरेल.

असे समजावे की, दोन भावांच्या वाट्याला एक त्रिकोणी शेत आले आहे. त्याच्या एका कोपऱ्यात विहीर आहे. या कोपऱ्याला अ असे नाव देऊ आणि उरलेल्या दोन कोपऱ्यांना ब व क अशी नावे देऊ. विहिरीपासून निघणारा अब हा बांध ६० मीटर लांबीचा, अक हा ४० मीटर लांबीचा आणि समोरचा बक हा ५० मीटर लांबीचा आहे. पाणी दोघांनाही हवे, तेव्हा वाटणीचा नवा बांध विहिरीपासूनच निघाला पाहिजे, हे उघड आहे. तो न्यावयाचा कोठे? चार वडीलधारी माणसे जमतात आणि सुचवितात की, विहिरीचा कोपराच मधोमध दुभागावा, म्हणजे कोणाला कमी नको नि कोणाला जास्त नको. कृतीही अवघड नाही. अ पासून दोन्ही बांधांवर दहा-दहा मीटरांवर खुंट्या ठोकाव्यात, त्यांच्यामध्ये दोरी ताणावी, दोरीचा मध्य काढावा आणि विहिरीपासून त्या मध्यातून सरळ रेघ समोरच्या बांधापर्यंत न्यावी. कोन बिनचूक दुभागला जातो. ऐकणाऱ्याला हा न्याय पटतोही.

परंतु शेत निम्मे होत नाही. वरील मापांच्या शेताचे क्षेत्रफळ सुमारे ९९२ चौरस मीटर, म्हणजे पावणेदहा गुंठ्यांच्या आसपास भरते. कोपरा दुभागून बांध घातला, तर लांब बांधाकडील भावाला सुमारे ५९५ आणि आखूड बांधाकडील भावाला सुमारे ३९७ चौरस मीटर जमीन मिळते. एकाला तीन हिस्से, तर दुसऱ्याला दोन. जवळजवळ दोन गुंठ्यांचा हा फरक कोणाच्या लबाडीमुळे पडत नाही. सर्वांच्या मनात सद्भाव असताना तो पडतो, हेच त्यातील दुर्दैव. पुढे एखाद्या पिढीने फीत लावून पाहिली की मग संशय, भांडणे आणि कचेरीच्या फेऱ्या सुरू होतात.

तीनास दोन हे प्रमाण आले कोठून? ते बांधांच्या लांबीतून आले. ६० आणि ४० यांचे प्रमाणही तीनास दोनच आहे. कोनदुभाजक समोरच्या बांधाला ज्या बिंदूत मिळतो त्याला ड म्हटले, तर ५० मीटरांच्या बक या बांधाचेही ३० आणि २० मीटर असेच तुकडे पडतात. त्रिकोणाच्या एका कोनाचा दुभाजक समोरच्या बाजूला उरलेल्या दोन बाजूंच्या गुणोत्तरात विभागतो. हेच ते प्रमेय. महाराष्ट्राच्या दहावीच्या भूमितीत समरूपतेच्या प्रकरणात ते शिकविले जाते.

येथे शिक्षकबंधूंनी क्षणभर थांबावे. विद्यार्थ्याला त्रिकोण काढावयास सांगितला, पट्टीने तुकडे मोजून घेतले आणि गुणोत्तर जुळले, तर प्रमेय सिद्ध झाले काय? झाले नाही. त्या एका त्रिकोणापुरते, तेही पेन्सिलीच्या टोकाच्या जाडीइतकी चूक पोटात घालून, ते जुळले एवढेच म्हणता येईल. मोजणी हवीच, कारण मुलाच्या मनात कुतूहल तिनेच जागे होते. तथापि, आजवर न काढलेल्या आणि पुढे कधीही न काढल्या जाणाऱ्या त्रिकोणांबद्दलही जी खात्री देते, तिलाच सिद्धता म्हणतात.

ही सिद्धता शेताच्या भाषेत सांगता येते. ड हा बिंदू अ कोनाच्या दुभाजकावर आहे. त्याच्यापासून अब आणि अक या दोन्ही बांधांवर लंब टाकावेत. अ जवळ जे दोन काटकोन त्रिकोण तयार होतात, त्यांचा कर्ण अड सामाईक आहे आणि अ जवळचे कोन सारखे आहेत. म्हणून ते त्रिकोण एकरूप आहेत आणि दोन्ही लंब समान लांबीचे आहेत. आता अबड हे शेत अब या पायावर उभे आहे असे मानावे आणि अकड हे अक या पायावर. उंची दोघांची सारखीच. तेव्हा क्षेत्रफळांचे प्रमाण पायांच्या प्रमाणाइतके, म्हणजे अब आणि अक यांच्या प्रमाणाइतके झाले. वाटणीतील तीनास दोन हे येथेच उलगडले. त्यानंतर तीच दोन शेते दुसऱ्या बाजूने पाहावीत. एकाचा पाया बड, दुसऱ्याचा डक, आणि अ पासून बक वर टाकलेला लंब ही दोघांची सामाईक उंची. म्हणजे क्षेत्रफळांचे प्रमाण बड आणि डक यांच्या प्रमाणाइतकेही आहे. एकाच गोष्टीची दोन मापे एकमेकांशी जुळलीच पाहिजेत. म्हणून बड आणि डक यांचे प्रमाण अब आणि अक यांच्या प्रमाणाइतकेच असते. या युक्तिवादात ६०, ४० किंवा ५० हे आकडे कोठेही आले नाहीत, हे मुद्दाम पाहावे.

इसवी सनापूर्वी सुमारे ३०० या काळात अलेक्झांड्रियात होऊन गेलेल्या युक्लिडने आपल्या ग्रंथाच्या सहाव्या भागात तिसरे विधान म्हणून हे प्रमेय दिले आहे. त्याची वाट निराळी आहे. क मधून अड ला समांतर रेषा काढावी. बअ ही बाजू अ च्या पलीकडे वाढवावी. ती या रेषेला इ बिंदूत मिळते. समांतर रेषांमुळे इ जवळचा कोन बअड या कोनाएवढा आहे, कारण ते संगत कोन आहेत. अकइ हा कोन डअक या कोनाएवढा आहे, कारण ते व्युत्क्रम कोन आहेत. मूळ कोनाचे दोन्ही अर्धे सारखे असल्याने अकइ या त्रिकोणात इ आणि क येथील कोन समान होतात, म्हणून अइ ही अक एवढी आहे. बइक या त्रिकोणात अड ही इक ला समांतर असल्याने बड आणि डक यांचे प्रमाण बअ आणि अइ यांच्या प्रमाणाएवढे आहे. अइ च्या जागी अक लिहिले की काम संपले. या सिद्धतेत सारी करामत त्या एका जादा रेषेत आहे. ती रेषा का सुचावी हे न सांगता विद्यार्थ्याकडून सिद्धता पाठ करून घेण्याची रीत आपल्या शाळांतून फार रुळली आहे. तिने गुण मिळतात, पण समज येत नाही. अक ही आखूड बाजू फिरवून बअ च्या पुढे सरळ रेषेत ठेवण्यासाठी ती रेषा काढली, एवढे एक वाक्य शिक्षकाने सांगितले तरी मुलाचा चेहरा उजळतो.

युक्लिडचा हा ग्रंथ संस्कृतात आला तो अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात. जयपूरचे महाराज सवाई जयसिंग यांच्या आश्रयाला असलेल्या जगन्नाथ सम्राट या पंडिताने नसीरुद्दीन तुसी याच्या अरबी ग्रंथावरून ‘रेखागणित’ हा पंधरा अध्यायांचा ग्रंथ सिद्ध केला. तो १९०१ व १९०२ या वर्षी मुंबईच्या संस्कृत ग्रंथमालेत छापून प्रसिद्ध झाला. माळव्यातील वाचकांना याच जयसिंगांची ओळख उज्जैनच्या वेधशाळेमुळे आहे. तिचा जीर्णोद्धार ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांनी १९२३ मध्ये करविला.

आता त्या दोन भावांकडे वळू. विहिरीपासून निघून शेताचे समान भाग करणारा बांध कोणता? समोरच्या बक या बांधाचा मध्य काढावा आणि तेथून विहिरीपर्यंत सरळ रेघ आखावी. दोन्ही हिश्शांचा पाया २५ मीटर, उंची सामाईक, म्हणून क्षेत्रफळ समान. या रेषेला मध्यगा म्हणतात. कोनदुभाजकाचे टोक आणि मध्यगेचे टोक यांच्यात या शेतात अंतर आहे अवघे ५ मीटरांचे. त्या ५ मीटरांत एक गुंठा जमीन इकडची तिकडे होते. अब आणि अक हे दोन्ही बांध सारख्या लांबीचे असतील तरच मध्यगा आणि कोनदुभाजक एक होतात. अशा शेतात वडीलधाऱ्यांचा सल्लाही बरोबर ठरतो, आणि बहुधा तेथूनच तो गैरसमज रूढ होत असावा. अर्थात जमिनीचा कस आणि उतार सर्वत्र सारखा नसतो, ती बाब भूमितीच्या कक्षेबाहेरची आहे. आणि हिस्सा कायम व्हावयाचा तर रीतसर मोजणी व नोंद झालीच पाहिजे.

कोनदुभाजकांविषयीचे दुसरे एक प्रमेय असे आहे की, ते ऐकताना अगदी सोपे वाटते. समद्विभुज त्रिकोणात पायालगतच्या दोन कोनांचे दुभाजक समान लांबीचे असतात, हे शाळेतील मूलही दाखवून देते. याच्या उलट, एखाद्या त्रिकोणात दोन कोनांचे दुभाजक समान लांबीचे असतील, तर तो त्रिकोण समद्विभुज असलाच पाहिजे काय? असलाच पाहिजे. मात्र ते सिद्ध करताना भलेभले अडखळतात. बर्लिनच्या लेह्मस या गणितज्ञाने १८४० मध्ये पॅरिसच्या स्टुर्म यास पत्र लिहून निव्वळ भूमितीच्या आधारे याची सिद्धता मागितली. स्टुर्मने तो प्रश्न इतरांपुढे ठेवला आणि पहिल्याने उत्तर देणाऱ्यांत याकोब श्टाइनर होता. हा श्टाइनर स्वित्झर्लंडमधील शेतकऱ्याचा मुलगा. चौदाव्या वर्षापर्यंत त्याला लिहिता येत नव्हते. अठराव्या वर्षी घरच्यांच्या मर्जीविरुद्ध तो पेस्तालोझी या शिक्षणतज्ज्ञाच्या शाळेत दाखल झाला, आणि पुढे बर्लिनच्या विद्यापीठात प्राध्यापक झाला. प्रमेयाला आज श्टाइनर आणि लेह्मस या दोघांचेही नाव आहे.

त्याची एक सुटसुटीत सिद्धता गिल्बर्ट आणि मॅकडॉनेल यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केली. तिचा गाभा असा. अबक त्रिकोणात ब हा कोन क पेक्षा लहान आहे असे मानावे. ब चा दुभाजक बम, त्याचे म हे टोक अक वर. क चा दुभाजक कन, त्याचे न हे टोक अब वर. बम वर प हा बिंदू असा घ्यावा की, पकन हा कोन ब च्या निम्म्याइतका व्हावा. ब चा निम्मा क च्या निम्म्याहून लहान असल्याने प हा म च्या अलीकडेच पडतो. पबन हा कोनही ब चा निम्माच आहे. एकाच पन रेषाखंडाकडे त्याच्या एकाच बाजूला असलेल्या ब आणि क या बिंदूंतून पाहिले असता सारखाच कोन दिसतो, म्हणून ब, क, प, न हे चार बिंदू एका वर्तुळावर आहेत. या वर्तुळात कन ही जीवा ब एवढ्या कोनासमोर आहे. बप ही जीवा पकब या कोनासमोर आहे आणि तो कोन ब व क यांच्या बेरजेच्या निम्म्याइतका, म्हणजे ब पेक्षा मोठा, तरीही काटकोनापेक्षा लहान आहे. काटकोनाच्या आतील मोठ्या कोनासमोर मोठी जीवा असते, म्हणून बप ही कन पेक्षा मोठी, आणि बम तर बप पेक्षाही मोठी. सारांश, लहान कोनाचा दुभाजक नेहमी लांब असतो. मग दुभाजक समान असताना कोन असमान राहतील कसे?

दुभाजक कोनांच्या आतले न घेता बाह्यकोनांचे घेतले तर मात्र हे प्रमेय टिकत नाही. शिक्षकांनी वर्गात अ १२ अंश, ब १३२ अंश आणि क ३६ अंश असा त्रिकोण काढून पाहावा. अ जवळचा बाह्यकोन १६८ अंशांचा, त्याचा निम्मा ८४. त्याचा दुभाजक ब च्या पलीकडे वाढविलेल्या कब ला ग मध्ये मिळतो. अबग त्रिकोणाचे कोन ८४, ४८ आणि ४८ अंश येतात, म्हणून अग ही अब एवढी. ब जवळचा बाह्यकोन ४८ अंशांचा, निम्मा २४. त्याचा दुभाजक क च्या पलीकडे वाढविलेल्या अक ला घ मध्ये मिळतो. अबघ त्रिकोणाचे कोन १२, १५६ आणि १२ अंश, म्हणून बघ हीसुद्धा अब एवढीच. दोन्ही दुभाजक तंतोतंत समान लांबीचे, आणि मूळ त्रिकोणातील ते दोन कोन मात्र एक १२ अंशांचा आणि दुसरा १३२ अंशांचा.